जॉइनिंग सोमवारी, पैसे शुक्रवारी

निकाल लागला की सोलापुरातल्या पदवीधरांचे फोन वाजू लागतात. "सर, तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालंय." खोटी नोकरी विकणाऱ्या टोळ्यांना नंबर मिळवायला फार खटपट लागत नाही. नोकरीच्या साइटवर टाकलेला बायोडेटा असतो, नोकरी मेळाव्यात भरलेला फॉर्म असतो, झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर प्रिंटसाठी पाठवून तसाच राहिलेला पीडीएफही असतो. त्या दोन पानांत नाव, पत्ता, जन्मतारीख, टक्के सगळं आलं. फोनवरची मॅडम "केगावच्या विद्यापीठातून बी.कॉम. ना? एकसष्ट टक्के?" असं म्हणाली की समोरच्याला वाटतं, कंपनीनं आपली फाइल उघडून ठेवलीय.

नोकरी मात्र नेहमी पुण्याची असते. चाकण, हिंजवडी, रांजणगाव. त्यालाही कारण आहे. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत कामं आहेत, पण टॉवेल, चादर आणि गणवेशाच्या धंद्याला कारागीर आणि मशीनवर बसणारे लागतात. बी.ए., बी.कॉम. झालेल्याला हवी असते टेबल-खुर्ची. शिवाय कंपनी सोलापुरात सांगितली तर पोरगं संध्याकाळी मोटारसायकल काढून गेट बघून येईल. पुणे पडतं अडीचशे किलोमीटर. नुसती खात्री करायला कोण हुतात्मा एक्स्प्रेस पकडून जाणार?

पैसे टप्प्याटप्प्यानं निघतात. आकडे गिऱ्हाईक पाहून बदलतात, क्रम सहसा बदलत नाही. आधी नोंदणीचे तीन-साडेतीनशे. ही रक्कम कमाईसाठी नसते, चाळणीसाठी असते. अनोळखी माणसाला साडेतीनशे पाठवणारा पुढे साडेआठ हजारही पाठवू शकतो, हे त्यांना त्यावरून कळतं. मग पाच-सात मिनिटांची फोनवरची मुलाखत. तीत कामाचं काही विचारत नाहीत. घरात किती माणसं, वडील काय करतात, घर स्वतःचं की भाड्याचं, हे विचारतात. किती निघतील याचा अंदाज तिथे घेतला जातो. दुसऱ्या दिवशी ऑफर लेटर. त्यानंतर आयकार्ड, युनिफॉर्म आणि मेडिकलचे दोन-अडीच हजार. मग लॅपटॉपचं डिपॉझिट आठ-दहा हजार, "पहिल्या पगारात परत". ते भरलं की फोन येतो, रक्कम चुकीच्या हेडखाली जमा झाली, फाइल लॉक झाली, तेवढेच पुन्हा भरा म्हणजे दोन्ही एकदम रिफंड होतील.

प्रत्येक हप्ता आधीचा हप्ता वाचवण्यासाठी मागितला जातो. आता थांबलो तर आधीचे अकरा हजार बुडाले, असं गणित डोक्यात बसतं आणि पुढचे जातात. ते अकरा हजार खरं तर पाठवले तेव्हाच गेलेले असतात.

वार बघा. पैशाची घाई शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी होते आणि जॉइनिंग सोमवारी सकाळी असतं. मधल्या दोन दिवसांत मोठ्या कंपनीच्या एचआर विभागात सहसा फोन उचलला जात नाही, बँकेची शाखा उघडी सापडेलच असं नाही. आणि "सोमवारी सीट दुसऱ्याला जाईल" ही धास्ती घरातल्यांना कामाला लावते. अनेकदा दागिना त्या शनिवारीच गहाण पडतो.

आता ते पत्र समोर ठेवू. वर कंपनीचा लोगो, खाली निळा गोल शिक्का, मध्ये पगार: महिना २८,५०० रुपये, "पीएफ आणि ईएसआय कपातीसह". इथेच थांबा. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू होतं. २८,५०० च्या पत्रात त्याची कपात येण्याचं कारण नाही. पीएफ कर्मचाऱ्याच्या बाजूनं १२ टक्के कापतात आणि त्यासाठी मूळ पगार वेगळा दाखवावा लागतो. खोट्या पत्रात एकच ठोक आकडा असतो, कारण लिहिणाऱ्याला पगारपत्रक बनवायची वेळच कधी आलेली नसते.

पुढे कंपनीचा नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआयएन. त्यात अक्षरं-आकडे मिळून २१ असतात. पहिलं अक्षर एल किंवा यू (शेअर बाजारात नोंदलेली की नाही), मग उद्योगाचे पाच आकडे, राज्याची दोन अक्षरं, स्थापनेच्या सालाचे चार आकडे, प्रकाराची तीन अक्षरं (खासगी कंपनीसाठी पीटीसी) आणि शेवटी सहा आकडे. "सन १९९८ पासून आपल्या सेवेत" असं छापलंय आणि सीआयएनमधलं साल २०२३ असेल, तर जुनी फर्म नंतर कंपनी झाली का, हे विचारावं लागेल. कंपनी मंत्रालयाच्या साइटवर हा क्रमांक फुकट तपासता येतो. पण क्रमांक खरा निघाला म्हणून पत्र खरं ठरत नाही. चलाख टोळ्या खऱ्या कंपनीचाच क्रमांक उचलतात. त्यावरून कंपनी आहे एवढंच कळतं. पत्र तिनं दिलंय का, हे कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर काढून, पत्राचा संदर्भ क्रमांक वाचून दाखवूनच कळतं. पत्रावर छापलेला नंबर लावू नका. तो मॅडमच उचलतील.

जीएसटी क्रमांकाची पावती दिली तर तीही वाचा. १५ अक्षरांत पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर सी असेल तर कंपनी, पी असेल तर एकटा माणूस. "प्रायव्हेट लिमिटेड"च्या पावतीवर तिथे पी निघाला तर पुढे बोलायचं काही उरत नाही. यूपीआयवर पैसे भरताना वर जे नाव येतं, त्यालाही हाच न्याय. कंपनीचं डिपॉझिट कुणा एका माणसाच्या बचत खात्यात जात नाही. "ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे" हे उत्तर पाठ केलेलं असतं.

सात रस्ता, नवी पेठ, रेल्वे लाइन्स या भागांत भाड्याच्या खोलीत बसणाऱ्या प्लेसमेंट ऑफिसांचं जरा वेगळं आहे. सगळे चोर नसतात. सरळ धंदा करणारा कन्सल्टंट त्याची फी कंपनीकडून घेतो. काही जण जॉइन झाल्यावर उमेदवाराच्या पहिल्या पगारातून घेतात. आधी पैसे, नंतर नोकरी असं असेल तर भिंतीकडे बघा. फ्रेममध्ये "भारत सरकार" लिहिलेलं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगाच्या नोंदणीचा कागद, लटकलेलं असतं. ते ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच्याच माहितीवर मिळतं; चहाची टपरीही काढू शकते. शेजारचा शॉप अ‍ॅक्टचा कागदही, कामगार थोडेच असतील तर, नुसती सूचना दिल्याची पोच असतो. नोकरी लावून द्यायचा परवाना यातला एकही नाही. पावतीवर "प्रशिक्षण शुल्क, ना-परतावा" लिहिलंय का तेही बघा. तोंडानं नोकरी आणि कागदावर कोर्स असेल, तर उद्या ठाण्यात तो म्हणेल, आम्ही क्लास घेतला, पोरगं आलंच नाही.

मूळ गुणपत्रिका कुणाकडेच ठेवायची नाही. व्हेरिफिकेशन मूळ कागद बघून तिथल्या तिथे होतं. ठेवून घेतली तर ती सोडवायला पुन्हा पैसे. झेरॉक्स द्याल तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख. कोऱ्या झेरॉक्सवर तुमच्या नावानं कर्जही निघू शकतं.

घरबसल्या डेटा एन्ट्रीचा सापळा तर उलट्या बाजूनं आवळतो. आधी पैसे मागतच नाहीत. पाच दिवसांत अमुक इतकी पानं, अचूकता ९८ टक्के, आणि मोबाइलवर सही केलेला करार. साइट मुद्दाम रखडते, अचूकता ९१ टक्के दाखवते, मग व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाच्या नावानं नोटीस: करारभंगाचे अमुक हजार भरा, नाहीतर अटक. घरी कळू नये म्हणून अनेक जणी गुपचूप भरतात. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा समन्स नव्हे. टायपिंग चुकलं म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत. करार मोडण्याचा वाद दिवाणी असतो. पैसे भरू नका, नोटिशीचा स्क्रीनशॉट ठेवा.

आणि रेल्वे. सोलापूर मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय, त्यामुळे "डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसात आपला माणूस आहे" हे इथे पटकन खपतं. रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेची फी सर्वसाधारण उमेदवाराला ५०० रुपये, आणि परीक्षेला बसलं की त्यातले ४०० परत मिळतात. त्यापलीकडे लाखांत मागणारा नोकरी विकत नसतो. खऱ्या इमारतीत नेलं, खऱ्या इस्पितळाच्या बाकावर बसवलं म्हणून भुलू नका. सार्वजनिक जागेत कुणीही कुणालाही बसवू शकतो. २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या किमान २८ जणांना नवी दिल्ली स्टेशनावर महिनाभर, रोज आठ तास, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायला लावलं होतं. ते त्याला ट्रेनिंग समजत होते. लाखो रुपये देऊन.

मागच्या दारानं जायला निघालेला माणूस तक्रार करत नाही, यावर हा सगळा धंदा उभा आहे. संस्थेत शिक्षक म्हणून चिकटायला "डोनेशन" दिलेल्यांचंही तेच. वशिल्यासाठी पैसे दिले हे ठाण्यात सांगायची लाज वाटते, आणि आपणच अडकू ही भीतीही असते, जी पूर्णपणे खोटी नाही. वकिलाला विचारून जा, पण जा.

पैसे गेले असतील तर घड्याळ महत्त्वाचं. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, शनिवार-रविवारीही. सोबत बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी आणि तुमच्या बँकेचं नाव तयार ठेवा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेपर्यंत निरोप गेला तर तो गोठवता येतो. एटीएममधून निघाला की अवघड. "बँक तीन दिवसांत भरून देते" असं ऐकलेलं असतं. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम तुमच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी होता. इथे पिन तुम्हीच टाकलेला असतो.

चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार भरून पोच क्रमांक लिहून ठेवा. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाचं सायबर ठाणे, बार्शी-पंढरपूर-अक्कलकोटकडचे असाल तर ग्रामीण पोलिसांचं. "पुण्यात घडलं, तिकडे जा" म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हे नम्रपणे सांगा. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. अर्जात जुनं ४२० लिहिलं तरी अर्ज बाद होत नाही. रोख दिले असतील तर कुठे, किती वाजता, सोबत कोण होतं, ते आठवतंय तोवर कागदावर उतरवा.

तक्रारीनंतर आठवड्याभरात आणखी एक फोन येऊ शकतो: "तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंगचे १,२०० भरा." किंवा "तुमचं खातं द्या, दुसऱ्यांचे रिफंड त्यातून फिरवू, दर व्यवहाराला पाचशे तुमचे." पहिल्यात पुन्हा पैसे जातात. दुसऱ्यात तुमचं खातं गोठतं आणि पुढच्या तक्रारीत आरोपी म्हणून तुमचं नाव येतं.