जर्मनीच्या ऑर्डरी, पीएमआय की ईफो: मशीन घेण्याआधी कोणता आकडा बघायचा?

भोसरीतल्या एका मित्राचं पंधरा-वीस माणसांचं मशीनशॉप आहे. टर्निंग-मिलिंगची कामं. त्यातला बराच माल एका मोठ्या पुरवठादारामार्फत जर्मनीला जातो. 2024 च्या फेब्रुवारीत त्यानं मला एका बातमीचा स्क्रीनशॉट पाठवला: जर्मन कारखान्यांकडे आलेल्या नव्या ऑर्डरी डिसेंबरमध्ये 8.9 टक्क्यांनी वाढल्या. खाली एवढंच लिहिलं होतं, 'व्हीएमसी बुक करू का?' (व्हीएमसी म्हणजे धातू कापणारं संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन.) मी म्हटलं, महिनाभर दम धर.

माझ्याकडे काही ज्योतिष नव्हतं. त्यानं फक्त मथळा वाचला होता आणि मी खालचा मजकूर वाचला होता. मोठ्या ऑर्डरी वगळल्या तर त्याच डिसेंबरमध्ये 2.2 टक्क्यांची घट होती. वर गेलेला आकडा प्रामुख्यानं विमानांसारख्या अवजड ऑर्डरींचा होता. मार्चमध्ये जानेवारीचा आकडा आला: उणे 11.3 टक्के. सोबत डिसेंबरची वाढ सुधारून 12 टक्के केली होती. नोव्हेंबर 100 धरलात तर डिसेंबर 112 आणि जानेवारी साधारण 99.3. दोन महिने एवढी उलथापालथ होऊन गाडी होती तिथेच, किंबहुना केसभर मागे. आणि मोठ्या ऑर्डरी बाजूला ठेवल्या तर दोन्ही महिन्यांत दोन-सव्वादोन टक्क्यांची घट. मित्राच्या कामाशी संबंध होता तो या घटीचा.

ज्यांचा माल युरोपात जातो आणि ज्यांना मशीन, माणसं किंवा कच्चा माल यावर पैसे लावायचे आहेत, त्यांच्यासमोर मुख्यतः तीन आकडे येतात. तिघांचा स्वभाव वेगळा आहे.

ऑर्डरींचा सरकारी आकडा

हा जर्मनीच्या सांख्यिकी कार्यालयाचा, म्हणजे डेस्टाटिसचा. कार्यालय वीसबाडनला. महिना संपल्यावर पाचएक आठवड्यांनी तिथल्या सकाळी आठ वाजता आकडा बाहेर पडतो. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे डबा उघडायच्या वेळेला.

याची पहिली जमेची बाजू म्हणजे तो मतावर चालत नाही. 50 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांकडे प्रत्यक्षात किती किमतीच्या ऑर्डरी नोंदल्या गेल्या, ते मोजलं जातं. मग भाववाढ वजा केली जाते, सण-सुट्ट्या आणि हंगामाचा फरक काढला जातो आणि 2021 सालाला 100 धरून निर्देशांक बनतो. खाद्यपदार्थांचे कारखाने यात नाहीत. यंत्रं, मोटारी, धातू, रसायनं, इलेक्ट्रॉनिक्स आहेत, म्हणजे आपल्या पुणे-नाशिक-संभाजीनगरच्या सुट्या भागांच्या शॉपना ज्यात रस आहे ते जवळपास सगळं.

दुसरी जमेची बाजू म्हणजे तो फोडून मिळतो. देशांतर्गत ऑर्डरी वेगळ्या, युरो चलनाच्या देशांतून आलेल्या वेगळ्या, बाकी जगाच्या वेगळ्या. भांडवली वस्तू, मधला माल आणि ग्राहकोपयोगी वस्तूही वेगवेगळ्या. तुमचा माल यंत्र बनवणाऱ्याकडे जात असेल तर 'यंत्रनिर्मिती' ही एकच ओळ मथळ्यापेक्षा दहापट कामाची आहे. यंत्रवाल्याला आज ऑर्डर मिळाली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती तुमच्या शेड्यूलमध्ये उतरते.

खोट एकच, पण मोठी: महिन्या-महिन्याचा फरक भयंकर उड्या मारतो. 2023 च्या जूनमध्ये तो 7 टक्के वर गेला आणि जुलैमध्ये 11.7 टक्के खाली आला. कारण पुन्हा विमान-अंतराळ क्षेत्रातली एक मोठी ऑर्डर. मोठ्या ऑर्डरी वगळून जुलै उलट 0.3 टक्के वर होता! त्यात पहिला आकडा तात्पुरता असतो आणि पुढच्या महिन्यात बदलतो. डिसेंबरचा 8.9 चा 12 कसा झाला ते वर आलंच आहे.

म्हणून डेस्टाटिस स्वतःच आणखी दोन गोष्टी देतं, मोठ्या ऑर्डरी वगळलेला आकडा आणि मागच्या तीन महिन्यांची त्याआधीच्या तीन महिन्यांशी तुलना. माझ्या मते मथळा सोडून या दोनच वाचाव्यात. बातम्यांमध्ये त्या तळाशी असतात, कधी कधी नसतातच.

आणखी एक पाटी जोडीला बघण्यासारखी आहे, शिल्लक ऑर्डरींची. तीही डेस्टाटिसच काढतं, थोड्या दिवसांनी. 2022 मध्ये नव्या ऑर्डरी घटत होत्या, तरी कारखाने चालू होते, कारण चिप्स आणि सुट्या भागांच्या टंचाईमुळे आधीच्या ऑर्डरींचा ढीग तुंबलेला होता. नुसत्या नव्या ऑर्डरी पाहून ज्यांनी तेव्हा हात आखडता घेतला, त्यांचा अंदाज वेळेआधीचा ठरला.

पीएमआय

पीएमआय म्हणजे कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेला निर्देशांक. जर्मनीचा निर्मिती पीएमआय हॅम्बर्ग कमर्शियल बँकेच्या नावानं येतो, सर्वेक्षण एसअँडपी ग्लोबलचं. त्याचं बळ वेगात आहे. महिना संपायच्या आतच, वीस-बावीस तारखेच्या पुढे, त्याचा पहिला अंदाज हातात असतो. सरकारी ऑर्डरींचा त्याच महिन्याचा आकडा त्यानंतर दीड महिन्यानं येतो.

तो मोजतो कसा, हे मात्र नीट समजून घ्या, कारण इथं बरेच जण घसरतात. खरेदी विभागातल्या लोकांना विचारतात, ऑर्डरी मागच्या महिन्यापेक्षा वाढल्या, तेवढ्याच की घटल्या? समजा 100 पैकी 40 जण म्हणाले वाढल्या, 30 म्हणाले तेवढ्याच, 30 म्हणाले घटल्या. तर 40 अधिक 30 चे निम्मे 15, म्हणजे 55. पन्नासच्या वर म्हणजे वाढ, खाली म्हणजे घट. 52 आला म्हणजे ऑर्डरी दोन टक्के वाढल्या असं नाही. किती वाढल्या हे कोणी विचारलेलंच नसतं. त्याचा फायदाही आहे: एका कारखान्याला अचानक हजार विमानांची ऑर्डर मिळाली तरी ती एका उत्तरात मावते. त्यामुळे पीएमआय सरकारी आकड्यासारखा थयथयाट करत नाही.

पण एकूण पीएमआयमध्ये ऑर्डरींचा वाटा 30 टक्केच. उत्पादन 25, रोजगार 20, पुरवठादाराला लागणारा वेळ 15, कच्च्या मालाचा साठा 10. त्यातला 'पुरवठादाराचा वेळ' फसवा आहे. माल उशिरा यायला लागला की मागणी तेजीत आहे असं गणित धरतं. 2020 च्या टाळेबंदीत माल उशिरा येत होता तो बंदीमुळे, तरी त्या घटकानं निर्देशांकाला वर टेकू दिला. म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवून नव्या ऑर्डरींचा, त्यातही निर्यात ऑर्डरींचा उपनिर्देशांक शोधा.

ईफो

म्युनिकच्या ईफो संस्थेचा व्यवसाय-वातावरण निर्देशांक. दर महिन्याला सुमारे 9,000 कंपन्यांना दोन गोष्टी विचारतात: आत्ता धंदा कसा आहे आणि पुढच्या सहा महिन्यांत कसा वाटतो. येतो त्याच महिन्याच्या 25 तारखेच्या आसपास. यात सेवा, व्यापार, बांधकामही आहे, त्यामुळे फक्त निर्मिती क्षेत्राचा भाग वेगळा काढून पाहायला हवा. मूड कळायला उत्तम. मशीनचा हप्ता मूडवर भरता येत नाही.

अमेरिकेचं काय?

माल अमेरिकेला जात असेल तर तिथल्या जनगणना कार्यालयाचा टिकाऊ वस्तूंच्या ऑर्डरींचा आकडा बघावा लागतो. तो महिना संपल्यावर चार आठवड्यांच्या आत येतो, म्हणजे जर्मनीपेक्षा लवकर. पण त्यातून भाववाढ वजा केलेली नसते. पोलाद महागलं की नगांची मागणी तेवढीच असून ऑर्डरी फुगलेल्या दिसतात. विमानांचा खेळ तिथंही आहेच: 2014 च्या जुलैमध्ये बोइंगच्या ऑर्डरींनी आकडा 22.6 टक्के उडाला आणि ऑगस्टमध्ये 18 टक्क्यांहून जास्त आपटला. तिथं संरक्षण आणि विमानं सोडून उरलेल्या भांडवली वस्तूंची ओळ वाचतात.

भारतात कारखान्यांच्या ऑर्डरींचा असा मासिक सरकारी आकडा नाही. औद्योगिक उत्पादन निर्देशांक दर महिन्याला येतो, पण तो झालेल्या उत्पादनाचा. ऑर्डर बुकची पाहणी रिझर्व्ह बँक करते, तीही तिमाहीला.

मग कोणी काय बघावं?

पुढच्या महिन्याचा बार-स्टॉक (धातूच्या सळ्या) किती उचलायचा, ओव्हरटाइम लावायचा का, एवढाच प्रश्न असेल तर पीएमआयचा ऑर्डरींचा उपनिर्देशांक पुरे. सरकारी आकडा येईपर्यंत ती गोष्ट होऊन गेलेली असते. पाच वर्षांचा हप्ता डोक्यावर घ्यायचा असेल तर मी डेस्टाटिसलाच मानतो: मोठ्या ऑर्डरी वगळून, तीन महिन्यांची तीन महिन्यांशी तुलना, तुमच्या उद्योगाची ओळ. तीही सलग दोनदा वर दिसायला हवी. ईफो या दोन्हींच्या मध्ये बसतो. पीएमआय आणि ईफो उलट दिशांना गेले तर मी काहीच करत नाही, पुढच्या महिन्याची वाट पाहतो. आणि तुमच्या गिऱ्हाइकानं पाठवलेलं शेड्यूल सतत कापलं जात असेल, तर जर्मनीत काहीही वाढो, तुमच्याकडे ते पोचलेलं नाही.

मित्रानं त्या वर्षी नवी व्हीएमसी घेतली नाही. जास्तीचं काम शेजारच्या गाळ्यात जॉब वर्कला देऊन भागवलं. आता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डबा खाता खाता तो मोबाइलवर डेस्टाटिसचं पान उघडतो आणि मथळा ओलांडून थेट 'मोठ्या ऑर्डरी वगळून' पर्यंत खाली सरकतो. परवा त्यानं मला विचारलं, 'यंत्रनिर्मितीत युरोबाहेरून आलेल्या वेगळ्या कुठे दिसतात रे?'