क्रेडिट रिपोर्टमधली चूक: आधी ब्युरो की आधी बँक?

फेडून मोकळं झालेलं कर्ज रिपोर्टात अजून चालू दिसतंय, किंवा कधी न घेतलेलं कर्ज नावावर चढलंय. घराच्या कर्जाची फाइल अडते ती इथेच. मग ब्युरोच्या, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवून हा रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीच्या, साइटवर डिस्प्यूट (नोंदीवरची हरकत) टाकायचा की बँकेत अर्ज द्यायचा? पैसे दोन्हीकडे पडत नाहीत. माझ्या मते, चूक कोणाच्या हातून झाली हे ओळखलं की निम्मं काम होतं.

ब्युरो आहेत चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो चौघांकडूनही मागवा, कारण एकात असलेली चूक दुसऱ्यात असेलच असं नाही.

ब्युरोकडे तक्रार करण्यात सोय मोठी. काम घरबसल्या होतं, तक्रार क्रमांक मिळतो आणि तारखेची नोंद राहते. पण ब्युरो स्वतःहून आकडा बदलत नाही. तो बँकेला विचारतो, आणि बँकेने ‘नोंद बरोबर आहे’ असं कळवलं की डिस्प्यूट तिथेच संपतो. शिवाय सिबिलकडे टाकलेला डिस्प्यूट एक्स्पेरियनला कळत नाही.

बँकेचा रस्ता कटकटीचा, पण मुळाशी जाणारा. नोंद तिथूनच निघते, त्यामुळे बँकेने ती दुरुस्त करून पाठवली की चारही ब्युरोंकडे सुधारते. हप्त्यांच्या इतिहासात एखाद्या महिन्याच्या चौकटीत ‘030’ दिसतंय, म्हणजे हप्ता तीस दिवस थकला होता असं बँकेने कळवलंय. तो वेळेवर गेला असेल तर त्या महिन्याचं पासबुकाचं पान अर्जाला जोडा. बंद खात्यासाठी एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या; ‘हेड ऑफिसला पाठवलंय’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत येऊ नका. ॲपवरून घेतलेल्या कर्जाला शाखा नसते, तिथे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा.

ब्युरो आधी गाठावा तो ओळखीच्या घोळात, आणि बडोद्यातल्या मराठी घरांना हा घोळ चांगलाच परिचयाचा आहे. पॅनवर ‘सुनीता’, आधारवर ‘सुनीताबेन’. एका कागदावर ‘जाधव’, दुसऱ्यावर ‘जादव’. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. दांडिया बाजार असो की रावपुरा, एकाच नावाची दोन माणसं सहज सापडतात, आणि एकाचं फ्रिजचं कर्ज दुसऱ्याच्या रिपोर्टात जाऊन बसतं. अशा वेळी ‘हे खातं माझं नाही’ असा डिस्प्यूट ब्युरोकडे टाका आणि त्याच दिवशी त्या कर्ज कंपनीलाही कळवा. नुसतं नाव, पत्ता किंवा जन्मतारीख चुकली असेल तर ब्युरोकडूनच सुरुवात करा. मात्र बँकेतली केवायसीही दुरुस्त करून घ्या, नाहीतर तीच चूक पुढच्या वेळी परत येईल.

एक गोष्ट मात्र दोन्ही रस्त्यांनी सुटत नाही. कमी रकमेत तडजोड करून खातं मिटवलं असेल तर रिपोर्टात ‘सेटल्ड’ येणारच, ती चूक नाही. तिथे डिस्प्यूटमध्ये वेळ घालवण्यापेक्षा उरलेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ करून देण्याबद्दल बँकेशी लेखी बोला.

मुदतीचा नियम दोन्हीकडे तुमच्या बाजूने आहे. 26 एप्रिल 2024 पासून, तक्रारीचा निकाल 30 दिवसांत लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. यातले पहिले 21 दिवस बँकेचे. तेवढ्यात तिने सुधारित माहिती पाठवली नाही तर भरपाई बँकेने द्यायची. बँकेने वेळेत पाठवूनही ब्युरोने उशीर केला तर ब्युरोने. म्हणूनच तारखेचा शिक्का आणि तक्रार क्रमांक इतके मोलाचे.

30 दिवस उलटूनही उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. त्यासाठी अहमदाबादला खेटे घालायला नकोत. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन तक्रार होते, चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे. थेट लोकपालाकडे मात्र जाता येत नाही, आधी बँक किंवा ब्युरोकडे केलेली लेखी तक्रार दाखवावी लागते.

‘पैसे द्या, सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला माझा स्पष्ट विरोध आहे. खरी नोंद तो पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करून घेऊ शकता. त्याला पॅन आणि ओटीपी तर मुळीच देऊ नका.