हेम्प सीड ऑईल: तेलाला चार स्टार, लेबलला एक

रेटिंग वेगवेगळं द्यायची सोय नाहीये म्हणून मधलं तीन धरा. कोल्ड प्रेस्ड, 100 मिलीची गडद काचेची बाटली, वर ड्रॉपर. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

सगळे आधी विचारतात ते सांगून टाकतो, याने काही चढत वगैरे नाही. झाड गांजाच्याच जातीचं आहे हे खरं, पण बीमध्ये टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, जवळजवळ नसतंच, जे किंचित सापडतं ते बीला बाहेरून चिकटलेल्या चिकाचं. आणि सीबीडी ऑईल (सीबीडी हे त्याच झाडातलं, नशा न आणणारं दुसरं द्रव्य) ही पूर्ण वेगळी वस्तू, ते फुलापानांतून काढतात. त्यामुळे या बाटलीवर "शांत झोप, टेन्शन कमी, सांधेदुखीला आराम" असं जे छापलंय ना, ते सरळसरळ त्या दुसऱ्या तेलाच्या जाहिरातीतून उचललेलं वाटतं.

त्याच्याच खाली "प्रोटीन आणि फायबरचा खजिना". अरे बाबांनो, प्रोटीन आणि फायबर बियांमध्ये असतं, तेल काढल्यावर ते चोथ्यात राहतं. बाटली फिरवून मागचा बारीक अक्षरातला तक्ता बघा, प्रोटीन 0, फायबर 0. म्हणजे पुढच्या बाजूचं खोटं मागच्या बाजूनेच पकडून दिलंय 😄

बरं, मग तेलात आहे काय? तर फॅट्स, आणि ते खरंच चांगले आहेत. सॅच्युरेटेड फॅट साधारण 10 टक्के, बाकी बहुतेक ओमेगा 6 आणि ओमेगा 3, तेही साधारण तीनास एक या प्रमाणात, जे रोजच्या वापरातल्या बऱ्याच तेलांपेक्षा कितीतरी बरं. शिवाय जीएलए नावाचं एक फॅटी ॲसिड थोडंसं मिळतं जे खायच्या तेलांत सहसा सापडत नाही. एक मोठा चमचा घेतला तर त्यात ओमेगा 3 दोन ग्रॅमच्या वर जातं, मोठ्या माणसाला दिवसाला दीडेक ग्रॅम पुरतं, म्हणजे चमच्यात काम झालं. फक्त हे वनस्पतीतलं ओमेगा 3 आहे, माशातलं नाही, शरीर त्यातलं फार थोडं ईपीए-डीएचएमध्ये, म्हणजे माशातल्या ओमेगा 3मध्ये, बदलू शकतं, तेव्हा फिश ऑईल बंद करून हे सुरू केलं असा हिशोब करू नका. नुसतं ओमेगा 3च हवं असेल तर जवसाच्या तेलात ते जवळपास तिप्पट असतं.

आता माझी खरी चिडचिड, तो ड्रॉपर. सूचना काय तर "रोज 5 थेंब जिभेखाली". पाच थेंब म्हणजे पाव मिली!! त्यात ओमेगा 3 असून असून किती असणार, चाळीसेक मिलिग्रॅम. फिनलंडमध्ये एक्झिमाच्या पेशंट्सवर अभ्यास झाला होता, 2005 मध्ये छापून आला, त्यात कोरडेपणा आणि खाज कमी झाली असं दिसलं, पण त्या लोकांनी रोज दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिली तेल खाल्लं होतं आणि तेही आठवडेच्या आठवडे, शिवाय अभ्यास अगदी छोटा होता. त्याच्या जोरावर इथे थेंबाथेंबाने "त्वचारोगांवर गुणकारी" लिहिणं म्हणजे कमाल आहे. ड्रॉपर लावला की तेलाचं औषध होतं आणि औषध म्हटलं की भाव वाढतो, एवढाच तो खेळ.

चवीला मला आवडलं. पांढऱ्या बशीत ओतलं तर मधोमध गर्द हिरवं आणि कडेला जिथे थर पातळ होतो तिथे पिवळसर दिसतं. आधी अक्रोडासारखी चव लागते आणि मागून ओल्या गवताचा वास येतो, तो काहींना अजिबात झेपत नाही. सॅलडवर, सूपवर, शिजलेल्या भाजीवर वरून घालायचं. लेबलवर "तळणासाठीही उत्तम" लिहिलंय ते साफ चूक, हे तेल 165 अंशांच्या आसपासच धुरायला लागतं आणि त्यातले नाजूक फॅट्स उष्णतेने खराब होतात.

चमचाभर तेलात 120 कॅलरीज असतात, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या तेलाच्या जागी घ्या, वरून जास्तीचं नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमच्याने सुरू करू नका.

घ्यायचंच असेल तर साध्या झाकणाची, गडद काचेची आणि तेल कधी काढलं ती तारीख छापलेली बाटली बघा (माझ्यावर फक्त एक्सपायरी होती). उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवायची आणि दीड-दोन महिन्यांत संपवायची, ऑइल पेंटसारखा वास यायला लागला की सरळ फेकून द्या. ऑफर आहे म्हणून लिटरची बाटली उचलू नका, एकट्या माणसाकडून ती वेळेत संपत नाही.