क्लिक टॉर्क पाना: न पाहता नट आवळणाऱ्याचे परीक्षण

चाकाचा नट किती आवळावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अंगातल्या जोरावर सोडवला जातो. पंक्चरवाला पान्यावर पाय देऊन उभा राहतो, टायरच्या दुकानातली हवेवर चालणारी गन क्षणात काम उरकते आणि घरी हौसेने काम करणारा ‘आता बास’ असे वाटेपर्यंत ओढत राहतो. टॉर्क म्हणजे नट फिरवणारा पिळाचा जोर, आणि टॉर्क पाना हाच प्रश्न आकड्यावर आणून ठेवतो. क्लिक पद्धतीचा, अर्ध्या इंची ड्राइव्हचा (म्हणजे सॉकेट बसते त्या चौकोनी टोकाचा) आणि 40 ते 200 न्यूटन-मीटर मर्यादेचा असा एक पाना मी बराच काळ वापरतो आहे. मी जन्मापासून अंध आहे. आमच्या घरची वॅगन-आर पत्नी चालवते आणि तिची चाके, ब्रेक पॅड, प्लग, फिल्टर ही कामे मी करतो. त्यामुळे हे परीक्षण जितके पान्याचे आहे तितकेच, तो पाना माझ्या हातात दिसल्यावर डोळस मंडळींचे जे काही होते, त्याचेही आहे.

टॉर्क पान्यांचे प्रमुख प्रकार तीन. काट्याच्या पान्यात दांडा किंचित वाकतो आणि काटा पट्टीवर सरकतो. तो स्वस्त आणि टिकाऊ असला तरी वाचायला नजर लागते, म्हणून माझ्या उपयोगाचा नाही. डिजिटल पाना आकडा पडद्यावर दाखवतो आणि ठरलेला जोर आला की शिट्टी वाजवतो, काही तर मुठीत थरथरतातही. पण तो आकडा आधी भरायचा असतो बटणे दाबून, पडदा पाहत, आणि बोलणारा डिजिटल पाना मला अजून कोणत्याही दुकानात मिळालेला नाही. क्लिकच्या पान्यात आतली स्प्रिंग आपण मूठ फिरवून आधीच दाबून ठेवतो आणि नटावरचा जोर तिच्या बरोबरीला आला की आतला सांधा सुटून ‘टक्’ असा झटका बसतो. हा झटका ऐकू येतोच, पण खरे म्हणजे तो तळहाताला कळतो. रस्त्यावर ट्रक जात असताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही आणि मला मात्र नेमके कळलेले असते. जाड हातमोजे घातले तर ही जाणीव थोडी बोथट होते, एवढेच.

अडचण आहे ती आकडा लावण्याची. दांड्यावरच्या रेघा इतक्या उथळ कोरलेल्या असतात की बोटांना त्यांचा पत्ता लागत नाही. यावर मी केलेला उपाय सांगतो, कारण तो कोणालाही करता येईल. मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर, म्हणजे 40 वर, आणून ठेवली. पत्नीकडून ती खूण एकदाच तपासून घेतली. मग मुठीवरच्या शून्याच्या जागी आणि दांड्यावरच्या उभ्या रेघेवर एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका लावला. या पान्याच्या मुठीचा एक पूर्ण फेरा म्हणजे 10 न्यूटन-मीटर. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत चाकाच्या नटांसाठी 85 हा आकडा दिला आहे, तेव्हा ठिपक्यावर ठिपका आणून चार फेरे मोजायचे म्हणजे 80 झाले, आणि वर अर्धा फेरा दिला की मुठीवरचा ठिपका बरोबर पाठीमागे जातो. नंतर खालची कडी फिरवून मूठ पक्की करायची. पत्नीने सुरुवातीला काही वेळा पट्टी वाचून खात्री केली आणि नंतर तो नाद सोडला.

पाना विकत घेण्याचा अनुभव मात्र पान्याइतका सरळ नव्हता. पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठेत जाण्याची पद्धत आहे, तसा मीही मुलाला घेऊन गेलो. पहिल्या दुकानात मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर माझ्या मुलाला मिळत होते. मी विचारले, “किमान मर्यादा किती?” दुकानदार मुलाला म्हणाला, “त्यांना सांगा, चाळीस. पण वापरणार कोण? तुम्हीच ना?” मुलाला सोळावे लागले होते आणि त्याला स्टेपनी कुठे असते याच्या पलीकडे गाडीत रस नव्हता. “पप्पा वापरतात,” तो म्हणाला. त्यावर दुकानदाराने हळहळ व्यक्त केली, माझ्या जिद्दीचे कौतुक केले आणि पाना मात्र खोक्यातून बाहेर काढला नाही. त्याच रांगेतल्या दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठजींनी तो काढून माझ्या हातात दिला, काउंटरवर बसवलेल्या शिकंजात एक बोल्ट पकडला आणि म्हणाले, “ओढा साहेब, आवडला तर घ्या.” सुमारे 4,000 रुपये त्यांच्या गल्ल्यात गेले. कौतुकाला माझी हरकत नाही, पण ते सामान दाखवण्याऐवजी मिळू लागले की त्याचा काडीचा उपयोग नसतो.

इमारतीच्या वाहनतळात काम काढले की निराळी मंडळी जमतात. कोणी न मागता मोबाइलचा दिवा धरतो. त्याचा मला काय उपयोग हे त्याच्या लक्षात येईपर्यंत एक नट बसलेला असतो. “काका, हात सापडेल हो,” हे वाक्य दर वेळी ऐकू येते आणि ते बोलणारे चाकाला लावलेली उटी (गाडी सरकू नये म्हणून दिलेली पाचर) किंवा जॅकशेजारी गाडीखाली दिलेला स्टँड कधी पाहत नाहीत. मी चाक काढण्यापूर्वी दोन्हींवर हात फिरवून घेतो, नट चुंबकी ताटलीत ठेवतो, पाने नेहमी एकाच क्रमाने मांडतो. त्यामुळे सर्वांत मोठा धोका असतो तो कोणीतरी मदत म्हणून पाना उचलून ‘नीट’ दुसरीकडे ठेवण्याचा. आणि हेही खरे, की स्टार्टरचा मागचा बोल्ट किंवा इंजिनाच्या पोटातला एखादा क्लॅम्प काढताना डोळस मिस्त्रीही मान वर करून, भलतीकडे पाहत, बोटांनीच काम करत असतो. त्याला मात्र कोणी हात सापडेल असे सांगत नाही.

या सगळ्यात मला खरोखर टोचलेली गोष्ट एकच. शेजारच्या एका गृहस्थांनी माझे काम संपल्यावर, मी हात धुवायला गेलो असता, साध्या पान्याला लोखंडी पाइप जोडून चारही नट पुन्हा आवळले. हेतू चांगला होता: पत्नी गाडी चालवणार, चाक निखळू नये. पुढे चाक काढायची वेळ आली तेव्हा एका स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या दांडीचे, आटे गेलेले निघाले. प्रमाणाबाहेर आणि असमान आवळलेल्या नटांनी स्टड ताणला जातो, ब्रेकची डिस्क वाकडी होऊन ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते, आणि रस्त्यात पंक्चर झाले तर गाडीतल्या आखूड पान्याने तो नट सुटत नाही. टॉर्क पाना बनवला गेला आहे तो नेमका हे टाळण्यासाठी. मी त्यांना 85 चा आकडा सांगितला, पुस्तिकेतले पान दाखवले, पाना हातात देऊन झटका अनुभवायला लावले. “ते ठीक आहे हो, पण एकदा डोळ्यांनी बघितलेलं बरं,” असे त्यांचे म्हणणे पडले. नटाचा ताण डोळ्यांना दिसतो, अशी त्यांची समजूत मी काही बदलू शकलो नाही.

अशा वेळी राल्फ टीटर यांची आठवण येते. पाचव्या वर्षी अपघातात दृष्टी गेलेला हा अमेरिकन माणूस 1912 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून यांत्रिकी अभियंता झाला, पिस्टन रिंगा बनवणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष झाला, 1936 मध्ये तिथल्या वाहन अभियंत्यांच्या संघटनेचे अध्यक्षपद त्याने भूषवले आणि गाडीचा वेग आपोआप कायम राखणारी यंत्रणा, जिला आज आपण क्रूझ कंट्रोल म्हणतो, तिचे पेटंट 1950 मध्ये मिळवले. आपल्याकडेही मुंबई, अहमदाबाद अशा शहरांत अंध दिशादर्शकांच्या मोटार रॅली भरतात. त्यांत अंध स्पर्धक ब्रेलमधला मार्ग वाचून सांगतो आणि डोळस चालक त्याप्रमाणे गाडी वळवतो. गाडीचे वेड लागायला परवाना लागत नाही, हे त्या चालकांना एका दिवसात पटत असावे.

आता पान्याचे दोष. एक, त्याच्या किमान मर्यादेमुळे स्पार्क प्लगसारखी हलकी कामे त्याने करता येत नाहीत. त्यासाठी तीन-अष्टमांश इंची ड्राइव्हचा वेगळा लहान पाना घ्यावा लागतो, आणि हलक्या जोराचा झटका इतका सौम्य असतो की तिथे लक्ष एकवटावे लागते. दोन, झटका बसल्यावरही ओढत राहिले तर पाना अडवत नाही, नट पुढे आवळला जातोच. म्हणून सावकाश, मुठीच्या मधोमध धरून ओढायचे आणि झटका आला की थांबायचे. तीन, अचूकतेचे प्रमाणपत्र छापील कागदावरच येते. आयएसओ 6789 या मानकाप्रमाणे अशा पान्यात 4 टक्क्यांपर्यंतची तफावत मान्य आहे, आणि वर्षाने किंवा 5,000 वेळा वापरल्यावर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तो तपासून घ्यायचा असतो. कारखान्यांच्या जुळणी विभागात एकाच आकड्यावर कायमचा लावून ठेवलेला, पट्टीच नसलेला पाना वापरतात. फक्त चाकांपुरते काम असलेल्या अंध माणसाला तोच अधिक सोयीचा पडेल, पण किरकोळ दुकानांत तो सहजी मिळत नाही. निर्मात्यांनी मुठीवर शून्याच्या जागी एक उंचवटा ठेवला असता तर माझे एम-सील वाचले असते आणि अंधाऱ्या तळघरात काम करणाऱ्या डोळसांचीही सोय झाली असती.

ठेवण्याबाबतचा नियम साधा आहे: काम झाले की मूठ परत सर्वांत खालच्या आकड्यावर आणायची, म्हणजे स्प्रिंग दबून राहत नाही आणि तिचा जोर कायम राहतो. गंजलेला नट सोडवण्यासाठी हा पाना कधीही वापरायचा नाही. इमारतीतल्या एका तरुणाने तो मागून नेला, आठवडाभर 120 वर आवळलेल्या अवस्थेत डिकीत टाकून ठेवला आणि तसाच परत आणून दिला. “काका, एकदा बघून घ्या,” असेही वर म्हणाला. आता मी पाना देतो तो दोन्ही ठिपके एकासमोर एक आणूनच परत करायच्या अटीवर, आणि घेताना त्यांवरून अंगठा फिरवतो.