गॅडोलिनियमची पकड: सरळ साखळी की कडं?

परळला मावशीच्या एमआरआयच्या वेळी बाटलीवरचं लेबल वाचलं: गॅडोटेरेट, म्हणजे चित्र उजळ यावं म्हणून शिरेतून देतात ते गॅडोलिनियम धातूचं औषध. यात धातूला धरणारा रेणू म्हणजे बंद कडं आहे, सरळ साखळी नाही, म्हटल्यावर हुश्श झालं. मावशीला कळेना, मी कोणत्या कड्याबद्दल बोलतोय.

गॅडोलिनियमच्या आयनात 7 एकटे इलेक्ट्रॉन असतात, म्हणून तो शेजारच्या पाण्याचा सिग्नल उजळवतो. पण मोकळा सुटला तर विषारी. आकाराने कॅल्शियमसारखाच, त्यामुळे त्याच्या जागी घुसतो. म्हणून त्याला एका रेणूच्या 8 अणूंनी धरायचं आणि नववी जागा पाण्याला ठेवायची. इथवर दोन्ही प्रकार सारखेच.

डीटीपीए या रेणूच्या घराण्यातली सरळ साखळी म्हणजे लोकलच्या दारातला दांडा धरलेला हात. एकेक बोट सुटत जातं. डोटा या रेणूचं कडं म्हणजे विरार फास्टमध्ये मधोमध चेपलेला माणूस. अंधेरीला उतरायचंय, पण उतरू देतंय कोण? नुसता स्थिरांक, म्हणजे पकड किती घट्ट हा आकडा, बघणारे इथेच फसतात. शरीरात खरा प्रश्न सुटायला किती वेळ लागतो हा. तीव्र आम्लात साखळीवालं गॅडोडायामाइड काही सेकंदांत सुटतं, कड्यातलं गॅडोटेरेट कित्येक दिवस टिकतं.

कड्यात धातू शिरायलाही वेळ लागतो, बनवताना तापवावं लागतं. चालेल.

2006 मध्ये मूत्रपिंड निकामी झालेल्यांची त्वचा कडक करणाऱ्या आजाराशी या औषधांचा संबंध जोडला गेला, मुख्यतः साखळीवाल्यांचा. 2017 मध्ये युरोपने शिरेतून द्यायच्या बहुतेक साखळ्या थांबवल्या. यकृतासाठी गॅडोक्सेटेट मात्र ठेवलं, कारण ते यकृताच्या पेशींत शिरतं. मावशीचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेलं, तिला कडंच बरं.