ईस्ट डीनहून पूर्वेला की पश्चिमेला?

ईस्ट डीन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, ससेक्समधलं चिमुकलं गाव. मधोमध हिरवळ, भोवती चकमकीच्या दगडांची घरं. कुरणांमधून समुद्रकाठच्या बर्लिंग गॅपला उतरलं, की ठरवावं लागतं: डावीकडे बीची हेड की उजवीकडे सेव्हन सिस्टर्स, म्हणजे ओळीने उभे असलेले खडूचे पांढरे कडे?

डावीकडे आधी बेल टूट हे जुनं दीपगृह लागतं. कडा ढासळत आल्यामुळे १९९९ मध्ये ही अख्खी इमारत १७ मीटर मागे सरकवली! पुढे १६२ मीटर उंचीचा बीची हेड, ब्रिटनमधला सर्वांत उंच खडूचा कडा. पायथ्याचं लाल-पांढरं दीपगृह वरून खेळण्याएवढं दिसतं. गाडीरस्ता जवळ आहे. वयस्कर आई-बाबा सोबत असतील तर हीच बाजू बरी.

माझं मन मात्र उजवीकडे ओढ घेतं. टेकडी चढा, उतरा, पुन्हा चढा. गुडघे बोलू लागतात. पण मेंढ्यांनी चरून आखूड केलेलं गवत पायाखाली गादीसारखं लागतं आणि वर चंडोल गात असतो. वाटेतला खडूचा तुकडा उचलला की बोटं पांढरी होतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म सागरी जीवांची ही कवचं! शेवटी कुरणांतून नागमोडी वळणं घेत आलेली ककमिअर नदी समुद्राला मिळते. परतताना फ्रिस्टनच्या जंगलातून या, सावली मिळेल.

कुठेही जा, कड्याच्या काठापासून लांब राहा. वर गवत घट्ट दिसतं, पण खालचा खडू कधी निखळेल याचा नेम नाही.