गळणारी एमएक्स-५: नळ्या साफ कराव्यात, रबर बदलावं, नवं छत घालावं की हार्डटॉप घ्यावा?

ब्रिटनमध्ये सेकंडहँड माझदा एमएक्स-५, म्हणजे कापडी छत मागे घडी होणारी दोन सीटची उघडी गाडी, घेतली की पहिल्याच हिवाळ्यात एक प्रश्न ठरलेला: सीटमागचा कार्पेट ओला का? कोकणातला जुलै पाहिलेल्या माणसाला इथला पाऊस किरकोळ वाटतो. पण हा पाऊस कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर रिमझिमत राहतो, आणि ऊन नसल्यामुळे आत शिरलेलं पाणी वाळतच नाही. मग काचांवर आतून धुकं, गाडीत कुबट वास, आणि कोणीतरी सल्ला देतोच की छत बदलून टाका. माझं मत आधीच सांगतो. चार उपायांपैकी हा सर्वात सहज सुचवला जातो आणि गरज याचीच सर्वात कमी वेळा असते.

पुढचं सगळं मुख्यतः पहिल्या पिढीच्या (१९८९ ते १९९७) आणि दुसऱ्या पिढीच्या (१९९८ ते २००५) गाड्यांबद्दल आहे. स्वस्तात मिळतात त्या याच, आणि गळतात त्याही याच.

खर्चाचा विचार करण्याआधी ओल नेमकी कुठे आहे ते बघा. सीटच्या मागे ओल असेल तर संशय निचऱ्याच्या नळ्यांवर किंवा छताच्या मागच्या पन्हळीवर. गुडघ्यावर थेंब पडत असतील तर विंडस्क्रीनच्या खांबाचं रबर, विशेषतः दाराची काच आणि छत जिथे मिळतात तो कोपरा. डिकीत, बॅटरीच्या आसपास पाणी असेल तर मागच्या दिव्यांची गॅस्केट (दिव्यामागची पाणी अडवणारी बैठक), डिकीच्या झाकणातल्या ब्रेकलाइटची गॅस्केट किंवा तडकलेली पन्हळ. पुढे पायाखाली पाणी असेल तर वायपरच्या खालच्या जाळीत साचलेली पानं.

मात्र पाणी शिरतं एकीकडे आणि साचतं दुसरीकडे. उतारावर उभ्या राहणाऱ्या गाडीत तर हमखास. म्हणून एकाने आत टॉर्च घेऊन बसावं आणि दुसऱ्याने बाटलीने बाहेरून थोडं थोडं पाणी ओतावं, तेही खालून वर जात. वरून सुरुवात केली की ओघळ सगळीकडे पसरतात आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर तर नकोच. त्याच्या माऱ्यापुढे धडधाकट रबरही हार मानतं.

नळ्या: फुकट, आणि तरीही पहिल्या

छताच्या मागच्या कडेखाली आतल्या बाजूने प्लास्टिकची एक पन्हळ असते. कापडावरून ओघळलेलं पाणी ती गोळा करते आणि सीटबेल्टच्या खांबांमागे, दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांत सोडते. तिथून नळीवाटे ते मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली पडायला हवं. या वाटेत पानांचा चुरा आणि चिखल बसला की पाणी तुंबतं आणि आत उतरतं.

कार्पेट भिजणं हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा दिसत नाही: तुंबलेलं पाणी दाराखालच्या सिलच्या (उंबऱ्यासारख्या पत्र्याच्या) पोकळीत शिरतं आणि पत्रा आतून खातं. मागच्या चाकापुढे रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं काम बहुधा झालेलं असतं. मग पत्रा कापून वेल्डिंग करावं लागतं, नाहीतर वार्षिक एमओटी तपासणीत गाडी अडकू शकते. या वेल्डिंगचा खर्च छताच्या खर्चाच्या तोडीचा होतो. म्हणून गळती दुसरीकडून असली तरी नळ्या आधी साफ करायच्या, आणि नंतरही पानगळ संपली की दरवर्षी.

हत्यार म्हणजे पडदे अडकवायची प्लास्टिकचं आवरण असलेली स्प्रिंगची तार. ती हळूहळू फिरवत आत सारायची. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. नळी खालच्या जोडातून सुटली तर सगळं पाणी थेट सिलमध्ये जाईल, म्हणजे होतं त्यापेक्षा वाईट. शेवटी पेलाभर पाणी ओता. ते गाडीखाली लगेच पडलं पाहिजे. पडत नसेल तर नवं छत घालूनही गाडी ओलीच राहील.

रबर: बदलण्याआधी जुळवून बघा

काच आणि रबर यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज सुटली तर तिथे दाब नाही. याचा अर्थ रबर मेलंय असाच नाही. वीस-पंचवीस वर्षांत दाराची काच हलते, तिची उंची आणि झुकाव जुळवता येतो. छत पुढे अडकवणाऱ्या दोन्ही लॅचचा ताणही वाढवता येतो. हे काम अर्ध्या दिवसाचं, थोडं किचकट, पण नव्या रबराचे पैसे वाचवणारं.

रबर चपटं होऊन कडक झालं असेल किंवा चिरलं असेल तर मात्र बदलाच. संच पूर्ण घेणं महाग पडतं, पण जिथे गळतंय तेवढाच तुकडा सुटा मिळतो. इथे मी मूळ कंपनीच्या भागाला झुकतं माप देईन. स्वस्त पर्यायी रबर कोपऱ्यात नीट बसेलच असं नाही, आणि गळती कोपऱ्यातच असते. ट्यूबमधलं सिलिकॉन सीलंट फासून दिलेली गाडी दिसली तर किंमत पाडून मागा, कारण पुढच्या माणसाला ते खरवडून काढावं लागतं. रबराला लावायचं ते सिलिकॉन ग्रीस. पेट्रोलियम जेली किंवा साधं तेल लावलं तर रबर फुगतं.

नवं छत: कधी, आणि कोणतं

कापड फाटलंय, शिवण झिरपतेय किंवा पन्हळच तडकलीय, या तीन कारणांपलीकडे नवं छत घालू नये. यातलं तिसरं कारण जरा अवघड आहे. पन्हळ छताच्या मागच्या कडेला जोडलेली असते, म्हणून ती बदलायला छताची मागची बाजू पूर्ण सोडवावी लागते. तेवढी मजुरी जाणारच असेल आणि कापडही म्हातारं झालं असेल, तर दोन्ही एकदम करणं शहाणपणाचं. उलट नवं छत घालून पन्हळ जुनीच ठेवणं म्हणजे कौलं बदलून पन्हळ फुटकी ठेवणं. कोटेशन घेताना 'पन्हळ नवी येणार का?' हे विचाराच. तिला इथले लोक रेन रेल म्हणतात.

व्हायनिल (प्लास्टिकसारखं) की मोहेर (विणलेलं कापड)? व्हायनिल स्वस्त, पुसायला सोपं, आणि पाणी अडवण्यात कमी नाही. मोहेर महाग, दिसायला देखणं आणि थोडं शांत. फक्त गळतीसाठी मोहेर घेऊ नका. मागच्या खिडकीत मात्र काचेचेच जादा पैसे द्या. पहिल्या पिढीतली प्लास्टिकची खिडकी पिवळी पडते, आणि थंडीत खिडकीभोवतीची चेन न उघडता छत खाली केलं तर घडीवर तडकते. दुसऱ्या पिढीपासून कंपनीनेच काच दिली.

हार्डटॉप

हार्डटॉप म्हणजे वरून बसवायचं कडक, सुटं छत. बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हिवाळ्यात याच्यासारखं सुख नाही: आवाज कमी, ऊब जास्त, आणि मागची पन्हळ जवळपास कोरडी. पण खांबावरचं रबर तेच राहतं, त्यामुळे गुडघ्यावरचा थेंब हार्डटॉपने थांबेलच असं नाही. वजन विसेक किलो, काढा-घालायला दोन माणसं हवीत, आणि उन्हाळ्यात ठेवायला जागा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने विचार सोडून द्यावा. कापडी छत ओलं असताना घडी करून वर हार्डटॉप बसवला तर वसंतात खाली बुरशी सापडेल. किंमतही आता जुन्या गाडीच्या मानाने फार वर गेली आहे.

तेव्हा बजेट कमी असेल तर नळ्या, काचेची जुळणी आणि एखादा रबराचा तुकडा, एवढ्यावर थांबा. गाडी कित्येक वर्षं ठेवायची असेल आणि कापड थकलं असेल तर व्हायनिल, काचेची खिडकी आणि नवी पन्हळ. स्वतःचं गॅरेज असेल तर हार्डटॉप हा हौसेचा भाग समजा. कोणताही मार्ग धरलात तरी कार्पेट उचलून खालचा फोम वाळवायला हवा, कारण तो पाणी धरून ठेवतो आणि गळती थांबल्यावरही वास येत राहतो.

एमएक्स-५ ऐवजी दुसरी उघडी गाडी बघत असाल, तर हाच कचरा तिथे किती महाग पडतो हेही मोजा. बीएमडब्ल्यू झेड-४च्या पहिल्या पिढीत छताची हायड्रॉलिक मोटर निचऱ्याच्या खळग्यातच बसवलेली आहे. नळी तुंबली की ती बुडते. पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचं (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं) युनिट सीटखाली, जमिनीलगत असतं. ते भिजलं तर गाडी सुरूच होत नाही. या दोन्ही गाड्या बघायला जाताना आधी कार्पेटखाली हात घाला, इंजिन नंतर ऐका.